घडवून घेणाऱ्याचा वाटा

मराठीत आपण सहज म्हणतो, 'आम्ही गावी घर बांधले.' वास्तविक पाहता विटा रचणारा गवंडी वेगळा, दारे-खिडक्या करणारा सुतार वेगळा. आपण पैसे मोजलेले असतात आणि घर कसे हवे ते सांगितलेले असते, इतकेच. तरीही 'बांधले' या क्रियेचे कर्तेपण आपण आपल्याकडे घेतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. दागिन्याच्या बाबतीत मात्र आपली भाषा अधिक काटेकोर होते. पाटल्या आपण 'घडवल्या' असे म्हणत नाही. सोनाराकडून 'घडवून घेतल्या' असे म्हणतो. करणारा एक आणि करवून घेणारा दुसरा, हा भेद भाषेने त्या दोन शब्दांत जपून ठेवला आहे.

प्रश्न असा, की करवून घेणाऱ्याचा त्या कृतीतील नैतिक वाटा नेमका किती? वस्तू उत्तम झाली तर कारागिराबरोबर त्याचेही कौतुक व्हावे काय? आणि त्या वस्तूपायी कोठे अन्याय झाला, काही नासाडी झाली, तर 'मी केवळ पैसे दिले' असे म्हणून त्याला मोकळे होता येईल काय? या प्रश्नाचा विचार करताना मी एक उदाहरण समोर ठेवणार आहे. ते आहे खास मागणी देऊन बनवून घेतलेल्या आणि हातच्या नक्षीकामाने सजवलेल्या इलेक्ट्रिक गिटारचे. उदाहरण काहीसे अनपेक्षित वाटेल. परंतु गिटार हे वाद्य आपल्या घरांना परके नाही. चर्चमधील गायनवृंदापासून लग्नातील वाद्यवृंदापर्यंत ते आपल्या परिचयाचे आहे आणि चांगल्या वाद्याचा हट्ट धरणारी तरुण मुलेही अनेक घरांत आहेत.

इलेक्ट्रिक गिटारच का, तेही सांगितले पाहिजे. साधी गिटार पोकळ असते. तारेचे कंपन घोडीवाटे वरच्या पातळ फळीत उतरते, फळी हवेला हलवते आणि आवाज भरतो. त्या फळीवर जड नक्षी केली तर तिचे कंपन बदलते. म्हणून कुशल कारागीर तेथे सजावटीला हात आखडता घेतो. भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. तिच्या तारांखाली पिकअप बसवलेला असतो. त्यात चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि अॅम्प्लिफायर तो मोठा करून ऐकवतो. १९५० साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी अशी भरीव गिटार बाजारात आणली, तेव्हा तिचे अंग म्हणजे जवळजवळ एक कापलेली फळीच होती आणि दांडी तिला चार स्क्रूंनी जोडलेली होती. वाजवण्यासाठी तेवढे पुरते, हे त्या फळीने सिद्ध केले.

त्यामुळे या वाद्यावरील सजावट आवाजाच्या बंधनातून जवळजवळ मुक्त झाली. दांडीवरील पट्टीत शिंपल्याची वेलबुट्टी जडवा, अंगावर पाने-फुले कोरा, धातूच्या पत्र्यावर नक्षी काढा, खुंट्यांना सोन्याचा मुलामा द्या. गिटार सुरात वाजायची तर या सर्वांवाचूनही वाजणारच. येथे आपल्या प्रश्नाला धार येते. तार का आहे, खुंटी का आहे, पडदे का आहेत, या प्रत्येकाचे उत्तर वाजवण्याच्या गरजेतच मिळते. शिंपल्याची वेल का आहे, याचे उत्तर मात्र एकच: कोणाला तरी ती हवी होती. उपयोगाच्या भागाची जबाबदारी उपयोग घेतो. शोभेच्या भागाची जबाबदारी कोणी घ्यायची?

सजावटीचा हा वाद पाश्चात्त्य विचारवंतांत मोठ्या हिरिरीने झाला आहे. व्हिएन्नाचे वास्तुतज्ज्ञ आडोल्फ लोस यांनी १९१० च्या सुमारास असे मांडले, की आधुनिक मनुष्याने वस्तूवर अलंकरण करणे हे जवळजवळ गुन्ह्यासारखे आहे. त्यांचा युक्तिवाद केवळ अभिरुचीचा नव्हता. नक्षीवर कारागिराचे तासन्तास खर्ची पडतात, त्या तासांचा मोबदला त्याला पुरेसा मिळत नाही आणि फॅशन बदलली की वस्तू धडधाकट असूनही टाकून दिली जाते. म्हणजे श्रमही वाया, साहित्यही वाया. याउलट इंग्लंडचे जॉन रस्किन यांनी त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ, १८४९ साली, अलंकरणाविषयी एक वेगळाच प्रश्न विचारला होता. ते घडवताना कारागिराला आनंद होता काय? असेल तर ओबडधोबड नक्षीही जिवंत ठरते. नसेल तर कितीही रेखीव काम मृत ठरते.

या दोघांत वरवर पाहता उभा दावा आहे. परंतु लोस यांच्याच निबंधात एका चांभाराचा दाखला आहे. बुटांवर छिद्रांची नक्षी करण्यात त्या चांभाराला समाधान वाटते. ती नक्षी नको, असे गिऱ्हाइकाने सांगितले तर त्याचे काम कमी होईल, पण आनंदही हिरावला जाईल. म्हणून अलंकरणाचा कट्टर वैरी असलेला हा लेखक आपल्या चांभाराची नक्षी सोसायला तयार होतो, नव्हे, त्याला वाढीव दामही देऊ करतो. तत्त्व एका बाजूला राहते आणि समोरचा माणूस महत्त्वाचा ठरतो. मला या दाखल्यात रस आहे तो एवढ्यासाठी, की येथे प्रथमच गिऱ्हाईक विचार करताना दिसते. एरवी या वादात वस्तूचा विचार होतो, कारागिराचा होतो, पाहणाऱ्याचा होतो. ज्याने ती मागितली तो मात्र पडद्यामागे राहतो.

वास्तविक सर्वांत मोकळा तोच असतो. कारागिराला पोट आहे; आलेले काम नाकारणे त्याला अनेकदा परवडत नाही. पाहणाऱ्याच्या समोर वस्तू तयार होऊनच येते. केवळ मागणी देणारा असा असतो, की ज्याला 'नको' म्हणण्याची पूर्ण मुभा होती. दुकानात मांडलेली गिटार विकत घेणारा निदान असे म्हणू शकतो, की ती मी न घेतली तर दुसऱ्याने घेतली असती. घडवून घेणाऱ्याला तीही सोय नाही. त्याच्या शब्दावाचून ती वस्तू जगात आलीच नसती. करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा, हे तिघेही कृतीच्या फळाचे वाटेकरी असतात, असे आपल्याकडील जुना नीतिविचारही सांगतो. शोभेच्या भागात तर करविणाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा मानावा लागेल.

हा वाटा प्रथम दिसतो तो साहित्याच्या निवडीत. गिटारच्या दांडीवर ज्या पट्टीवरून बोटे फिरतात, तिच्यासाठी आबनूस हे काळे, कठीण लाकूड नावाजलेले आहे. ते एकरंगी, काळेभोर असावे, अशी गिऱ्हाइकांची पिढ्यान्पिढ्यांची आवड. अमेरिकेतील टेलर गिटार कंपनीने २०११ साली एका स्पॅनिश कंपनीच्या भागीदारीत कॅमेरूनमधील आबनुसाची एक गिरणी विकत घेतली, तेव्हा त्या आवडीची किंमत बॉब टेलर यांना कळली. तोडलेल्या दहा झाडांमागे साधारण एकच आतून पूर्ण काळे निघते. उरलेल्यांच्या गाभ्यात करड्या-तपकिरी रेषा असतात. झाड तोडल्याशिवाय हे कळत नाही आणि रेषांच्या लाकडाला दाम नाही म्हणून ते जंगलातच कुजत टाकले जाई. मजबुतीत किंवा नादात त्यात काही उणे नव्हते. उणे होते ते केवळ रंगात. टेलर यांनी रेषांचे लाकूडही घेऊन वापरण्यास सुरुवात केली आणि गिऱ्हाइकांना त्याचे कारण उघडपणे सांगितले.

या प्रसंगात दुष्ट कोणाला म्हणावे? लाकूडतोड्या गिरणीची मागणी पुरवत होता, गिरणी कारखान्याची, कारखाना गिऱ्हाइकाची. गिऱ्हाइकाने तर कोणतेही झाड पाडा म्हणून सांगितले नव्हते. त्याने फक्त 'काळेभोर हवे' म्हटले होते. पण त्या दोन शब्दांनीच नऊ झाडे जमिनीवर पडून राहत होती. कायद्याचा हातही येथवर पोहोचत नाही. मादागास्करच्या आबनुसाच्या आयातीवरून २००९ साली अमेरिकन सरकारने गिब्सन या प्रसिद्ध गिटार कंपनीवर छापा घातला आणि २०१२ साली कंपनीने तीन लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. दंड कंपनीला झाला, आणि ते योग्यच होते. ज्यांच्या हौसेसाठी असे लाकूड आणले जाते, त्यांना जाब विचारणारे न्यायालय मात्र त्यांच्या मनाबाहेर कोठेही नाही.

ही गोष्ट दूर आफ्रिकेतील म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही. ब्राझीलने १९६० च्या दशकात आपल्या शिसवाच्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर जगातील गिटार कारखाने भारतीय शिसवाकडे वळले. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने हा बदल १९६९ साली केला. हा शिसव आपल्या सह्याद्रीच्या रांगांतही वाढतो. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला १९९२ मध्ये बंदी झाली आणि २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या साऱ्याच जातींच्या व्यापारावर नियंत्रण आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. सतराव्या शतकात व्हेनिसच्या सेलास आणि पॅरिसच्या व्होबोआम या घराण्यांनी हस्तिदंत, आबनूस आणि कासवाची पाठ वापरून अप्रतिम गिटारी घडवल्या. त्या आज संग्रहालयांत पाहताना आपण स्तिमित होतो. परंतु त्याच साहित्याची मागणी आज कोणी केली तर ती आपल्याला अमानुष वाटेल. सौंदर्य तेच आहे. त्यामागचा हत्ती आता आपल्याला दिसू लागला आहे, एवढाच फरक.

दुसरा हिशेब हातांचा. लंडनचे टोनी झेमायटिस (१९३५–२००२) यांनी तरुणपणी लाकडी सामान बनवण्याचे शिक्षण घेतले आणि पुढे ते मागणीनुसार गिटारी बनवू लागले. पिकअपमधून येणारी विजेची घरघर कमी व्हावी म्हणून त्यांनी गिटारच्या दर्शनी भागावर धातूचा पत्रा बसवून पाहिला. पत्रा आला तो असा उपयोगापोटी. मग त्या कोऱ्या पत्र्यावर नक्षी उमटली. ती नक्षी डॅनी ओब्रायन यांची, आणि त्यांचा मूळ व्यवसाय होता बंदुकांवर कोरीवकाम करण्याचा. रॉनी वूड, एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्या नामवंतांनी झेमायटिस यांच्याकडून वाद्ये घडवून घेतली. ज्या हाताने बंदुकीचे पोलाद सजवले, त्याच हाताने वाद्य सजवले.

हे वाचताना मराठी वाचकाला मिरज आठवल्यावाचून राहणार नाही. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा शिकलगार घराण्यातून आली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, ती उजळणारे. तलवारीचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. त्यांनी सुरू केलेल्या कामातून मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणाऱ्यांचा एक समाजच उभा राहिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या भोपळ्याभोवती कोरलेली पाने सुरात काही भर घालत नाहीत. पण ती कोरणाऱ्याच्या घरची चूल त्या पानांवरही पेटत आली आहे. सजावट म्हणजे केवळ उधळपट्टी, असे म्हणणाऱ्याने या हातांचा विचार केला पाहिजे. आणि ज्याला सजावट हवी आहे, त्याने तर तो अधिकच केला पाहिजे. शिंपल्याचे पातळ काप सोनारी करवतीने आकारात कापायचे, लाकडात नेमकी तेवढीच खोबण करायची, काप चिकटवून वरून घासून एकजीव करायचे, हे काम डोळ्यांचे आणि धीराचे आहे. शिवाय शिंपल्याची बारीक धूळ छातीला अपायकारक असते. कामाची घाई करणारे आणि दामात घासाघीस करणारे गिऱ्हाईक ती धूळ कोणाच्या श्वासात जाते हे पाहत नाही. नक्षी तर त्याला मनसोक्त हवी असते. अशी नक्षी कितीही सुंदर असली तरी तिच्यावर दुसऱ्याचे देणे शिल्लक राहते.

तिसरा हिशेब सत्याचा. फेंडर कंपनीच्या खास मागणीच्या विभागाने १९९५ साली एक नवा प्रकार बाजारात आणला: मुद्दाम जुनी केलेली नवी गिटार. रंगाचे पोपडे काढलेले, कडा झिजवलेल्या, धातूवर गंज चढवलेला. हे काम कुशल कारागीरच करतो आणि त्याला दामही अधिक पडतो. खऱ्या अर्थाने हीदेखील हातची सजावटच आहे; नक्षीच्या जागी ओरखडा आला, एवढेच. वाजवणाऱ्याच्या हाताला गुळगुळीत झालेली दांडी बरी वाटते, हे कारण मी समजू शकतो. पण न वाजवलेल्या वर्षांच्या खुणा विकत घेण्याची इच्छा कोठून येते, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारायला हवे. ओरखडा ही आयुष्याने दिलेली पावती असते. ती दुसऱ्याकडून लिहून घेतली, तर ती पावती कशाची? तीच गोष्ट हातकामाची. संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे आज शिंपल्याचे काप आणि खोबणी अचूक कापून देतात. त्यात वाईट काहीच नाही. परंतु यंत्राने केलेले काम 'हातचे' म्हणून मिरवले, तर कारागिराचा हात आणि घेणाऱ्याचे मन, दोन्ही खोट्यात भागीदार होतात.

मग घडवून घेणाऱ्याने सांगायचे तरी किती? प्रत्येक पान, प्रत्येक रेषा आपणच ठरवून दिली, तर कारागीर केवळ आपले अवजार बनतो आणि रस्किन यांना अभिप्रेत असलेला आनंद मुळातच खुंटतो. या बाबतीत अमेरिकेतील मिनियापोलिसचे एक उदाहरण बोलके आहे. १९८३ साली प्रिन्स या गायकाला आपल्या 'पर्पल रेन' चित्रपटासाठी गिटार हवी होती. एका वाद्यांच्या दुकानात काम करणाऱ्या डेव्ह रुसान या तरुण कारागिराकडे ते काम आले. आपल्याजवळच्या एका बास गिटारचा आकार, पांढरा रंग, धातूचे सोनेरी भाग अशा मोजक्या सूचना मिळाल्या; उरलेले सारे रुसान यांनी आपल्या बुद्धीने मेपलच्या लाकडातून हाताने घडवले. त्या घडणीची एक गिटार १९९३ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. आपली आवड नेमकी सांगावी आणि पुढचे काम विश्वासाने दुसऱ्यावर सोपवावे, हा घडवून घेण्याचा मला सर्वांत निकोप मार्ग वाटतो. त्यात मागणी देणारा आपला वाटा टाळत नाही आणि कारागिराचा वाटा बळकावतही नाही.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. हे सर्व हिशेब चोख ठेवले, लाकूड निर्दोष निवडले, कारागिराला पुरेसे दाम दिले, कोठे खोटेपणा केला नाही. तरीही इतका पैसा शोभेवर घालवावा काय? शेजारच्या घरात मुलाची फी भरायला पैसे नसताना गिटारवर शिंपल्याची वेल जडवणे शोभते काय? या आक्षेपाला सर्वांसाठी एकच उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. कारागिराच्या हाती पडलेला पैसा वाया गेला असे म्हणता येत नाही. तो एका घराचा कष्टाचा पैसा असतो. पण तेवढ्याने घेणारा सुटत नाही. कारण त्या कारागिराचे भले करावे म्हणून काही आपण वेल जडवून घेत नाही. ती आपल्याला हवी असते. म्हणून आक्षेपाचे उत्तर रकमेत न शोधता, ती वेल आपल्याला का हवी आहे, यात शोधले पाहिजे. वाद्यावरच्या प्रेमापोटी हवी असेल, तर ते प्रेम थोडक्यातही भागते. चारचौघांनी थांबून पाहावे म्हणून हवी असेल, तर कितीही पैसे ओतले तरी भागत नाही.

थोडक्यात भागल्याचेही एक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये १९६३ साली ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने स्वतःची इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी त्यांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले आणि त्यातील किड्यांची भोके आगकाड्यांनी बुजवली. दांडीच्या पट्टीवर खुणेचे ठिपके लागतात. ते त्यांनी आईच्या शिवणकामाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या घासून बसवले. पुढे क्वीन या वाद्यवृंदात जगभर गाजलेली गिटार ती हीच. तिच्यावरही शिंपल्याचे जडावकाम आहे. पण त्याच्या प्रत्येक ठिपक्याचा हिशेब त्या घरात होता.

अर्थात प्रत्येकाला स्वतःच्या हाताने गिटार बनवता येणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. कारागिरांनी करावे आणि इतरांनी करवून घ्यावे, यावरच समाज चालतो. मागणी देण्यापूर्वी स्वतःला तीन-चार प्रश्न विचारणे मात्र कोणालाही शक्य आहे. हे लाकूड, हा शिंपला कोठून आला? हे काम करणाऱ्याला वेळ आणि दाम पुरेसे मिळाले काय? जे हातचे, जुने वा अस्सल म्हणून मी मिरवणार आहे, ते तसे आहे काय? आणि हे मला नेमके कशासाठी हवे आहे? पुत्राला गिटार घेऊन देणारा पिता असो, मुलीच्या लग्नाचे दागिने सोनाराकडे टाकणारी आई असो, की नवे घर बांधायला काढणारे कुटुंब असो, प्रश्न तेच राहतात. त्यांची उत्तरे देता आली, तर शोभेच्या वेलीला लाजण्याचे कारण नाही. मग कोणी विचारले तर आपणही सोनाराच्या बाबतीत जितक्या प्रामाणिकपणे बोलतो तितक्याच प्रामाणिकपणे सांगावे, की ही गिटार अमुक कारागिराने घडवली, मी ती घडवून घेतली.